छत्तीस धोंडू

सोमवार, ९ जून २०२५. नार्वे, गोवा

चवथीला अडीच महिने राहिले आणि माझी अर्धी शेड गेली. घेणारी परकी असती तर दोन शब्द सुनावले असते. पोटची मुलगी आहे, म्हणून गप्प. गौरवीने सकाळी शेडच्या मधोमध काळा पडदा बांधला. डावीकडे माझे गणपती, उजवीकडे तिची फिल्म. वर पडद्याला चिठ्ठी: "आत येण्यापूर्वी हाक मारा." गणपती करायच्या जागेला आम्ही शाळा म्हणतो. माझ्या आजोबांनी उभारलेल्या शाळेत आता मी हाक मारून शिरायचं, असं आहे.

गौरवीने सात वर्षं पुण्याला कॉम्प्युटरवर चित्रं हलवायची नोकरी केली. ती सोडून आली, कारण तिला मातीची चित्रं हाताने हलवायची आहेत. मातीची बाहुली उभी करायची, फोटो काढायचा. बाहुलीचा हात केसभर हलवायचा, पुन्हा फोटो. असे बारा फोटो झाले की एक सेकंद. फिल्म अकरा मिनिटांची आहे. मी कालनिर्णयाच्या मागे गुणाकार केला आणि आकडा बघून कालनिर्णय पुन्हा भिंतीला लावलं. तिची मैत्रीण सेजल चोपड्याहून स्कूटरने येते. एरवी लग्नांचे फोटो काढते. कॅमेरा आणि दिवे तिचे.

फिल्म २० सप्टेंबरपर्यंत म्हापशाच्या मुलांच्या चित्रपट महोत्सवाला पोचली पाहिजे. तिथे पहिली आली, तर पुढची मोठी फिल्म महोत्सववाले गौरवीलाच देणार आणि ती फिल्म ती इथे बसून करणार. नाही आली, तर हैदराबादच्या एका कंपनीने तिच्यासाठी जागा धरून ठेवली आहे. डिसेंबरात हजर व्हायचं. मी म्हटलं, हैदराबाद चांगलं शहर आहे.

ही, म्हणजे गौरवीची आई, स्वयंपाकघरातून म्हणाली, "चांगलें आसूं, पूण पयस आसा." लांब आहे खरं.

गुरुवार, १२ जून

आज फिल्मची गोष्ट कळली. हाक मारूनच आत गेलो होतो.

एका बंद पडलेल्या खाणीत धोंडू नावाचा यंत्रमानव आहे. खड्ड्यातलं पाणी उपसणं हे त्याचं काम. खाण बंद झाली, माणसं गेली, पण 'थांब' असं त्याला सांगायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. म्हणून तो अजून उपसतोच आहे. एके दिवशी तिथे गणती नावाची यंत्रबाई येते. तिचं काम झाडं मोजणं. तिथे एकही झाड नाही. ती रोज डोंगर फिरते आणि रात्री 'शून्य' असं म्हणून बसते. धोंडूला ते बघवत नाही. तिला मोजायला काहीतरी मिळावं म्हणून तो झाडं लावायला शिकतो.

मी म्हटलं, "यंत्राला कसलं प्रेम?"

गौरवी म्हणाली, "बाबा, तो एक अक्षरय उलयना. फकत काम करता." एवढंच बोलून माझ्याकडे बघत राहिली. न बोलणाऱ्या नायकाची फिल्म कोण बघणार, हे मी तिला सांगितलं नाही. पहिलीच फिल्म आहे.

तिला चिकणमाती पाहिजे होती. आमची माती नदीकाठच्या आमच्याच शेतातली. लहानपणी फावड्याच्या दोन घावांत लागायची. मग वरच्या खाणीतला लाल गाळ पावसाबरोबर शेतात उतरत गेला, आता कंबरभर खणावं लागतं. खाण चालू होती तेव्हा धूळ खाल्ली, बंद पडली तेव्हा अर्धा गाव घरी बसला. दोन्ही वेळेला आपणच. तिला सर्वांत खालची, लोण्यासारखी माती काढून दिली. गणपतीच्या वाट्यातली दिली, हे लिहून ठेवतो.

मंगळवार, २४ जून

पडद्याच्या फटीतून धोंडू बघितला. वीतभर उंच, पोटात पंप, पाय फेंगडे. आत तारेचा सांगाडा आहे, सांधे पुण्याहून मागवलेले. वरून माती. मातीचं काम बरं आहे, पण उभा राहण्यात दम नव्हता. खांद्यावर वजन घेणारा माणूस गुडघ्यात किंचित वाकतो. त्या दोघी जेवायला गेल्या तेव्हा मी गुडघा दुरुस्त केला. कुणाला कळलं नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. या धोंडूच्या कानावर पाना खोचलेला आहे, आणि तो सगळीकडे तोच पाना शोधत फिरतो. मुलांना हसवायला ठीक आहे, पण असं कोण करतं? खोटं वाटतं. तिला सांगणार होतो, तेवढ्यात माझा बारका ब्रश सापडेना. अर्धा तास गेला. शेवटी हिने येऊन कानावरचा काढून हातात दिला.

गौरवी हल्ली जेवताना वही घेऊन बसते. आमच्या दोघांकडे बघते आणि काहीतरी खरडते. ताटातल्या बांगड्याचं चित्र काढत असावी.

रविवार, ६ जुलै

भांडण झालं. धोंडूने डोळे मिटले पाहिजेत, असं तिचं म्हणणं. म्हणजे काढलेले डोळे पुसायचे, मिटलेले काढायचे, परत पुसायचे. मी सांगितलं, या शाळेत उघडलेला डोळा मिटत नाही. डोळे सर्वांत शेवटी काढायचे, सकाळी आंघोळ करून, कुणाशी न बोलता. एकदा काढले की ती मूर्ती झाली. मग तिला शाळेत पडू द्यायचं नाही. न गेलेला गणपतीसुद्धा आम्ही पाचव्या दिवशी पाण्यात पोचवतो, फळीवर वर्षभर ठेवत नाही. बाबांचा नेम, त्यांच्या बाबांचा नेम.

"बाबा, हो गणपती न्हय! हो पंप!"

"डोळे आसात मगो ताका?"

ती पाय आपटत गेली. मी डावीकडे तोंड करून सोंड वळत बसलो. तास गेला. ही चहा घेऊन आली आणि म्हणाली, "वयल्यान पापणी दवरची. पापणी धांपली म्हणून दोळो मरना."

बरोबर आहे. डोळा तसाच राहतो, वर मातीची पातळ पापणी ठेवायची आणि उचलायची. नियम मोडत नाही. दुपारी चौदा जोड्या करून पडद्याखालून पायाने आत सरकवल्या. मी अजून रागात होतो, म्हणून बोललो नाही. आतून हसण्याचा आवाज आला, आणि सेजल म्हणाली, "हें घे गो, हेंवूय घाल!" कशात काय घालायचं होतं, कळलं नाही.

मंगळवार, २९ जुलै

नागपंचमी. नाग दिले, ऐंशी गणपती रंगाला तयार. लिहायला वेळ नाही. पलीकडे सात मिनिटं झाली, असं ऐकतो.

रविवार, २४ ऑगस्ट

शूटिंग संपलं! गौरवी पडदा फाडल्यासारखा सरकवून बाहेर आली, "जालें, बाबा, सगळें जालें!" म्हणाली आणि माझ्या रंगाच्या हातांसकट मला मिठी मारली. शेवटचा प्रसंग आजच घेतला. गणती सगळा डोंगर मोजून येते, आणि धोंडू आपल्या हातचं शेवटचं रोप तिच्यासमोर आणतो. कॅमेऱ्याच्या मागच्या चौकोनात मीही बघितलं. आगपेटीएवढ्या जागेत सगळा डोंगर हिरवा.

माझ्याकडे रांगेत गणपती वाळत होते. सेजलने विचारलं, काका, साचा न वापरता हे इतके एकसारखे कसे? मी सांगितलं की गोकुळदासाचे शंभर गणपती ओळीत ठेवले तर तो एकच गणपती शंभर वेळा असतो. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. माझी एवढीच एक शेखी आहे, आणि ती खरी आहे.

बुधवार, २७ ऑगस्ट

चवथ. माटोळी चांगली भरली. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या त्या लाकडी चौकटीला या वेळी रानातली फळं, कवंडाळं, कांगलां, माट्ट्यो, तोरिंजन, सगळं बांधलं. घागऱ्या, त्या खुळखुळणाऱ्या शेंगा, मात्र मिळाल्या नाहीत. पूर्वी मागच्या डोंगरावर मुठीने मिळायच्या. ही दरवर्षीप्रमाणे खाली उभी राहून बोट धरून मोठ्याने मोजत होती आणि मी दरवर्षीप्रमाणे स्टुलावर. एक जात कमी पडली की हिचा चेहरा उतरतो. म्हणून आरतीनंतर मी गपचूप पिळगावपर्यंत जाऊन घागऱ्यांची डहाळी घेऊन आलो आणि काही न बोलता हिच्यासमोर ठेवली. गौरवी दारात वही घेऊन उभी होती. सणाच्या दिवशी तरी वही ठेवावी.

रविवार, ३१ ऑगस्ट

पाचवा दिवस. गणपती पोचवले. शाळेत राहिलेले तीन गणपतीही नेले. आणि शाळा झाडताना उजवीकडच्या फळीवर धोंडू आणि गणती दिसले. काम झालेलं, डोळे उघडलेले. धूळ खात वर्षभर पडायचे, हे बरं दिसत नव्हतं. त्यांनाही नेलं. दोघांना हळद-कुंकू लावलं, दोघांना शेजारी शेजारी सोडलं. गौरवी आणि सेजल पाहुण्यांच्या पानांत अडकल्या होत्या, म्हणून त्यांना हाक मारली नाही. धाकू होडीवाला म्हणाला, असले गणपती आपण कधी बघितले नाहीत. मी म्हटलं, नवीन पद्धतीचे आहेत.

मनाला फार समाधान वाटलं. एवढी कष्टाची मूर्ती, तिला तिचा मान मिळाला.

बुधवार, ३ सप्टेंबर

काय लिहू.

सकाळी गौरवीने फिल्म पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर लावून बघितली. शेवटचा प्रसंग वाया गेला आहे. त्या दिवशी देवळासमोरच्या मंडपाची रोषणाई तपासत होते, वीज वरखाली होत होती. कॅमेऱ्याच्या चौकोनात ते कळलं नाही, मोठ्या पडद्यावर सगळा डोंगर विजेच्या खराब नळीसारखा लुकलुकतो. अठरा सेकंद. परत घ्यायला हवेत. घाबरलेली नव्हती. "चार दिसांचें काम," म्हणाली. आणि विचारलं, "बाबा, धोंडू आनी गणती खंय दवरल्यात?"

मी म्हटलं, "पावयलीं गो. गणपतीवांगडा."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पायरीवर बसली. सेजलने फोन लावला, पुण्याहून नवीन सांगाडा यायला सहा आठवडे लागतात. आपल्याकडे सतरा दिवस. गौरवी म्हणाली, "जावं दी बाबा. तुका खबर नाशिल्लें." एवढं म्हणून आत गेली, आणि थोड्या वेळाने बॅग काढल्याचा आवाज आला. हैदराबादची असणार.

मला माहीत नव्हतं, हे खरं नाही. मला विचारायचं माहीत होतं. दोन पावलांवर उभी होती, मी विचारलं नाही. माझ्या शाळेत मी कधी कुणाला विचारलेलं नाही. हिने पेज वाढली, मिठाची वाटी ठेवली आणि आत गेली. मीच वाटोळं केलं. एकुलत्या एका मुलीच्या तीन महिन्यांच्या कष्टाला मी हळद-कुंकू लावून बुडवलं.

गुरुवार, ४ सप्टेंबर

धाकूने सांगितलं होतं की भरती असताना शोधण्यात अर्थ नाही, सुकतीला ये. सकाळी नऊला पाणी ओसरलं. दोघे चिखलात उतरलो, मांडीपर्यंत. हाताने काही होत नाही, पायानेच चाचपत जायचं. माती तर पहिल्याच दिवशी विरघळली असणार, पण तार कुठे जाते? दीड तासाने धाकूच्या अंगठ्याला काहीतरी टोचलं. गणतीचा सांगाडा! डोक्यापासून टाचेपर्यंत सगळा. धोंडूचा मात्र मिळाला नाही. पाणी चढेपर्यंत शोधला. काठावर माणसं जमली होती, कुणीतरी विचारलं, सोनं पडलं का? धाकू म्हणाला, "हयं."

घरी गेलो तो नखशिखांत चिखल. गौरवीसमोर गणतीचा सांगाडा ठेवला. तिने तो धुतला, एकेक सांधा हलवून बघितला. सगळे फिरतात. "पूण धोंडू नासतना?" म्हणाली.

मी आंघोळ करताना विचार केला. सांगाडा कशाला लागतो? एकच धोंडू वाकवता यावा म्हणून. पण धोंडू एकच कशाला पाहिजे? ओल्या अंगाने बाहेर येऊन विचारलं, "शेवटच्या प्रसंगात तो हलतो किती?" ती म्हणाली, सहा सेकंद. वळतो, तीन पावलं टाकतो, रोप ठेवतो, बसतो. बाकीचा वेळ उभा. सहा सेकंदांचे बहात्तर फोटो. एकेका पुतळ्याचे दोन फोटो घेतले तरी चालेल, डोळ्याला कळत नाही.

म्हणजे छत्तीस. पहिला धोंडू उभा, दुसरा केसभर वळलेला, तिसरा आणखी केसभर, असे छत्तीस. एक उचलायचा, दुसरा ठेवायचा. सांगाडा नको, सांधे नकोत.

"बाबा, छत्तीस पुतळे, सगळे हुबेहूब? कोणाक जमतलें?"

मी माती मळायला घेतली.

शनिवार, ६ सप्टेंबर

आधी हात बसावा म्हणून एकाच ठेवणीचे पाच धोंडू केले. नुसते उभे. रंगवून ओळीत ठेवले. माझं मलाच बरं वाटलं, एकाला झाकावा दुसऱ्याला काढावा असे. गौरवीने पाचांचे फोटो घेतले आणि फरक दिसतो का बघायला एकामागून एक फिरवले.

सेजल किंचाळली. मी धावत गेलो. पडद्यावर धोंडू उभा होता, आणि त्याची छाती वर-खाली होत होती. खांदे किंचित उचलत होते, किंचित पडत होते.

"बाबा, हो स्वास घेता!" गौरवीने माझे दोन्ही हात धरून मला गरागरा फिरवलं. "सांगाड्याचो धोंडू असो केन्नाच दिसूंक ना! जिवो जालो!"

त्यांचा आनंद मला कळत होता. पण छाती हलते, म्हणजे पाचांत फरक आहे. सूतभर का असेना, आहे. चाळीस वर्षं मी सांगत आलो की माझे शंभर गणपती एकच असतात. माझ्या तोंडावर, माझ्याच शेडमध्ये ते खोटं ठरलं आणि दोघी टाळ्या वाजवत होत्या. बाहेर येऊन बांकावर बसलो. ही आली. मी सांगितलं की माझे गणपती सारखे नाहीत.

ही म्हणाली, "ना मगो. दर एक गणपती वेगळो आसता. म्हणून लोक येवन वेंचून व्हरतात. सगळ्यांक खबर आसा, तुमकांच खबर ना."

चाळीस वर्षांत एकदा तरी सांगायचं. मग म्हणाली, "आतां वचात, गणती एकटीच आसा थंय." मी आत गेलो.

बुधवार, १० सप्टेंबर

अकरा झाले. पावसाची हवा, माती सुकत नाही. फळीखाली दिवे लावून सुकवतो. गौरवी रंगवते, सेजल आमच्या दोघांच्या मधून चहा घेऊन फिरते. डोळे मीच काढतो, सकाळी, आंघोळ करून. एका सकाळी सहा जोड्या. आता पडदा काढून टाकला आहे, दोन्ही बाजूंना येणं-जाणं करायला अडचण होत होती.

शनिवार, १३ सप्टेंबर

सोपी पावलं आधी करून घेतली होती, बाविसाव्यावर अडलो. धोंडू गणतीकडे वळतो, ते वळणं जमेना. मी वळवला तो पलटणीतल्या शिपायासारखा. गौरवी म्हणे तसा नको, मग कसा, तर सांगता येईना. शेवटी हिला बोलावलं. हिने बघितलं आणि मला म्हणाली, "तुमी रागार जातात तेन्ना कशे वळटात? तशे वळात पळोवया."

"हांव खंय रागार जाता?"

तिघी एकमेकींकडे बघू लागल्या. मला इतका राग आला की मी तोंड फिरवून चालू लागलो. मागून गौरवी ओरडली, "बाबा, थांब! तसोच राव! सेजल, फोटो!" मी तसाच थांबलो. मला माझी पाठ दिसत नव्हती, पण फोटोत दाखवली. पाठ फिरवलेली, डोकं मात्र अर्धवट मागे वळलेलं, कुणी थांबवतं का ते बघत. अगदी धोंडूला हवं तसं. योगायोग. त्या फोटोवरून बाविसावा ते तिसावा एका दिवसात झाले. मग हिने मला पायाने एक रोप सरकवायला लावलं, नऊ वेळा. हसून हसून तिघींची पुरेवाट झाली. कामात असं हसू येऊ देऊ नये, पण काम झालं.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

गेली! आज दुपारी सव्वातीनला फिल्म महोत्सवाला पोचली, एक दिवस आधी. प्रसंग अठरा सेकंदांचा, मी तो चाळीस वेळा बघितला. धोंडू वळतो, बिचकत तीन पावलं येतो, रोप पायाने सरकवतो आणि गणतीच्या शेजारी बसतो. बसल्यावर श्वास घेतो.

छत्तीस धोंडू फळीवर आहेत. नेम आहे. या वेळी मी विचारलं, "गौरवी, यांचं काय करायचं?" ती म्हणाली, राहू देत. राहू दिले. नेम करणारे आमचे वाडवडील समजून घेतील, माती तीच आहे.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सगळं सविस्तर लिहितो.

म्हापशाला आज शुक्रवारचा बाजार, बस स्टँडवर पाय ठेवायला जागा नाही. त्यात नार्व्याहून आम्ही छत्तीस नाही तर चाळीस माणसं गेलो. धाकूने इस्त्रीचा शर्ट घातला होता. सभागृहात शाळांची सहाशे मुलं, आणि नंबर मुलांनीच काढायचा. परीक्षक सगळे दहा-बारा वर्षांचे. आधीच्या दोन फिल्म झाल्या, एक जपानी होती, फार देखणी. मला वाटलं, संपलं.

मग आमचा डोंगर लागला. भिंतभर! धोंडू कानावरचा पाना शोधू लागला आणि मुलं हसली. पण आमची नार्व्याची माणसं मुलांपेक्षा मोठ्याने हसत होती, आणि पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती. धोंडू रुसला, पाठ फिरवून काम करत बसला, आणि त्याच वेळी पायाने पापण्यांची जोडी गणतीकडे सरकवली. धाकू मागून ओरडला, "गोकुळदास रे!" सगळी रांग कोसळली. मी मागे वळून डोळे वटारले. परत पडद्याकडे बघतो, तर धोंडू मागे वळून डोळे वटारत होता.

तेव्हा कळलं. एवढा उशीर लागला हे लिहायला लाज वाटते, पण तेव्हा कळलं. तो पाना, ती पाठ, ते न बोलणं. बोट धरून मोजणारी गणती, एक कमी पडलं की उतरणारा तिचा चेहरा, आणि न सांगता डोंगर पालथा घालून आणलेली डहाळी. वहीत बांगडा नव्हता. माझी मुलगी इतके महिने आमच्याकडे बघत होती. मला वाटायचं, मी कधी हिला गोड बोललो नाही, गौरवीला कधी शाबास म्हटलं नाही, तर माझी माया घरात कुणाला कळली असेल कशाला. सगळं कळलेलं होतं. तिने ते भिंतीएवढं करून सहाशे मुलांसमोर लावलं होतं.

शेवटच्या प्रसंगाआधी गणती डोंगरावरची झाडं मोजू लागली आणि सभागृहातली मुलं तिच्याबरोबर मोठ्याने मोजू लागली. शंभर झाले तरी थांबेनात. मग धोंडू वळला. आवाज बंद झाला. तीन पावलं, रोप, आणि बसला. त्या शांततेत पुढच्या रांगेतली एक मुलगी स्पष्ट म्हणाली, "तो जिवो आसा!"

मी रडलो. हिच्या पदरात तोंड घालून रडलो आणि मला कोण बघतं याची पर्वा केली नाही.

पहिला नंबर. नाव पुकारलं तेव्हा गौरवी स्टेजवर गेली नाही, आधी माझ्याकडे आली आणि मला ओढत वर घेऊन गेली. माइक हातात दिला. मला भाषण येत नाही. मी सांगितलं, "ही माझी मुलगी. हिने केलं. शाबास, गौरवी." पहिल्यांदाच म्हटलं, आणि तेही माइकवर. सहाशे मुलं ओरडली. महोत्सवाच्या कारभारी बाईंनी पुढच्या मोठ्या फिल्मचा कागद तिच्या हातात दिला, ती फिल्म गौरवी नार्व्याला आमच्या शाळेत करणार, हे त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं.

परतीच्या बसमध्ये मी हिला विचारलं, "तुका खबर आशिल्लें?"

"पयल्या दिसासावन."

"मागीर म्हाका कित्याक सांगलें ना?"

"सांगिल्लें जाल्यार तुमी बरे वागपाक लागताले," ही म्हणाली. "आनी फिल्म वायट जाताली."

पुढच्या बाकावर गौरवी हैदराबादला फोन करत होती. येणार नाही, असं तिने एकदा इंग्रजीत सांगितलं, पलीकडच्याला ऐकू गेलं नसावं म्हणून एकदा हिंदीत सांगितलं, आणि फोन ठेवून सेजलला कोकणीत सांगितलं. मला तिन्ही वेळा कळलं.